एकच शिंक

अण्णा, काल मी माझ्या नातवाला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. तो उन्हात पाऊल टाकलं की शिंकतो. डॉक्टर हसले. म्हणाले, "हा आजार नाही. अंधारातून एकदम उजेडात आलं की काहींना शिंक येते. बहुतेक आईकडून नाहीतर बापाकडून आलेली असते."

माझी आई काही कधी उन्हात शिंकली नाही. शिंकायचात तुम्ही, देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर आलात की. पण तुम्हाला दोन यायच्या. "जोडशिंक, काम होणार!" म्हणून खूश व्हायचात. मला मेलीला एकच यायची. पंचवटीतल्या आपल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरातून तुमचा डबा घेऊन मी अंगणात येते, सकाळचं ऊन थेट तोंडावर, आणि शिंक. तुम्ही सायकल भिंतीला टेकवता, माझ्या पाठीत धपाटा घालता आणि घोटभर पाणी पिऊन पाच मिनिटं आत बसता. ओझरला कारखान्यात मुलाखत होती, त्या सकाळीही मी शिंकले. तुम्हाला धड टायपिंग येत नव्हतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण नोकरी हुकली ती माझ्या नाकामुळे. "पांढऱ्या पायाची कार्टी!" म्हणालात, आणि नववीतच माझी शाळा बंद केलीत. पुढे तुम्ही निघेपर्यंत मला रोज स्वयंपाकघरात कोंडून बाहेरून कडी. चार वर्षं. मी तुमचा द्वेष करायची अण्णा, अगदी मनापासून.

मग ऐंशी सालच्या वैशाखात तुमच्या छातीत कळ आली. आईने धावत जाऊन रिक्षा आणली. तुमचा एक पाय रिक्षात होता आणि मी शिंकले.

"थांबा. पाणी द्या आधी," तुम्ही म्हणालात.

"अहो, आज तरी रिक्षात बसा हो! पाया पडते तुमच्या," आई रडत होती.

तुम्ही आत येऊन खुर्चीत बसलात. पाणी मीच दिलं. तुमची ती पाच मिनिटं काही पुरी झाली नाहीत. आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, पोरीचा काय दोष, तिला ऊनच सोसत नाही.

हे पत्र घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवीन. फक्त एक सांगते. त्या दिवशी मी केव्हाची अंगणातच उभी होते. डोळे उन्हाला सरावले होते, शिंक येत नव्हती. म्हणून मी मान वर केली आणि ती येईपर्यंत सूर्याकडे बघत राहिले.