निळ्यातला पंजा

३ फेब्रुवारी
माणसाच्या सहनशीलतेला अंत असतो, ही गोष्ट या घरात कोणाच्या कानावर गेलेली नाही. मलमाच्या डबीचं झाकण बायको इतकं घट्ट लावते की ते उघडताना आखडलेला खांदा आणखी आखडतो, आणि मग मलम दुप्पट लागतं. हा अन्याय आज शांतपणे मांडला. ती म्हणाली, सैल ठेवलं तर पावाला लावून खाल. यापुढे तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. नाश्त्याला बोललो.

असो. मुलांच्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरच्या भिंतींसाठी चित्रं छापायचं काम मिळालं. समुद्राचा तळ, बारा पॅनल, छतापासून जमिनीपर्यंत, गर्द निळी. वीस तारखेच्या आत द्यायची. हे साधलं तर दुकान तरेल, नाहीतर शटर कायमचं खाली. संकल्प: मशीनवर स्वतः उभं राहायचं.

५ फेब्रुवारी
पहिलं पॅनल. चिकट पाठीचं व्हिनाइल, नवाकोरा रोल. सकाळी खांद्याला मलम चोळून थेट दुकानात. रोल चढवताना नेहमीप्रमाणे त्यावरून हात फिरवला. पुढेही, मटेरियल आत सरकताना एकदा थोपटलं. मटेरियल हाताला कळतं. हे मॅन्युअलमध्ये नसतं, अंगात असावं लागतं. डिझाइनर बाई काहीतरी बोलणार होत्या. अकरा वर्षं माझ्याकडे आहेत, त्यामुळे बोलल्या नाहीत.

संध्याकाळी. पॅनल बिघडलं. निळ्याच्या मधोमध फिकट डाग, तेवढ्या जागी शाईच धरलेली नाही. दोष सप्लायरचा. फोनवर त्याला फैलावर घेतलं.

६ फेब्रुवारी
दुसऱ्या सप्लायरचा रोल. तोच डाग. लांबून बघितलं. डागाला पाच बोटं आहेत.

७ फेब्रुवारी
मशीनचा इंजिनिअर आला. नोझल तपासले, हीटर वाढवला, कमी केला, खोलीतला दमटपणा मोजला. म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, मटेरियलला काही लागतंय का? मी सांगितलं, माझ्याशिवाय मटेरियलला कोणी बोट लावत नाही. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बॅग भरली. आजकालच्या लोकांना खोलात जायचं नसतं.

९ फेब्रुवारी
हे फक्त इथे लिहितो. हा पंजा मास्तरांचा आहे.

मास्तर म्हणजे आमचे ऑपरेटर. एकोणीस वर्षं मशीनवर. पांढरे सुती हातमोजे घातल्याशिवाय रोलजवळ जायचे नाहीत. बँडमध्ये वाजवायला निघालात का, असं मी गमतीनं विचारायचो. गेल्या वर्षी काळ्या पार्श्वभूमीच्या कामावर असेच डाग आले, तेव्हा मीच त्यांना म्हणालो, मास्तर, वय झालं, तुमच्या हाताचा घाम मोज्यातून उतरतोय. ते दोन मोजे एकावर एक घालू लागले. तरी डाग. मग त्यांना पॅकिंगला बसवलं. नंतर डाग थांबले. नंतर गर्द रंगाचं काम आलंच नाही, पण तो मुद्दा वेगळा.

नोव्हेंबरात गेले. मला त्यात टोचण्यासारखं काही वाटत नाही. झोप लागत नाही ती खांद्यामुळे.

१० फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मास्तर जिवंतपणी तुमच्या वाटेला गेले नाहीत, आता मुद्दाम वाट वाकडी करून कशाला येतील? या बाईला गूढ गोष्टींचं अंगच नाही. रागारागानं मलम चोळलं.

तिसरं पॅनल. पंजा.

११ फेब्रुवारी
दाढ काढायला गेलो होतो. मागे बाईंनी तीन पॅनल काढली. तिन्ही आरशासारखी स्वच्छ.

म्हणजे मास्तरांचं वैर मशीनशी नाही, माझ्याशी आहे. मी असलो की येतात. बाईंना हे समजावलं. त्या म्हणाल्या, साहेब, उद्या दुसऱ्या बाजूची दाढ काढून घ्या. माझी एवढी काळजी घरातही कोणी करत नाही.

१२ फेब्रुवारी
दुपारी बाई जेवायला गेल्यावर बिघडलेल्या पॅनलांसमोर उभा राहिलो. इतकं निळं एका जागी असलं की खोलीचा आवाज कमी होतो. पंजा पाण्याच्या आतून काचेवर टेकवल्यासारखा दिसतो. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. मास्तरांची करंगळी वाकडी होती का? आठवत नाही. एकोणीस वर्षांत मोज्याबाहेरचा त्यांचा हात नीट पाहिला नाही. वाकडीच असणार.

मशीनमागच्या खिळ्यावर त्यांचे मोजे अजून आहेत, एकात एक घातलेले. बोटं अर्धी मिटलेली, आत कोणी असल्यासारखी. ड्रॉवरमध्ये टाकणार होतो. हात पुढे गेला नाही. खांदा.

१३ फेब्रुवारी
मास्तरांच्या घरी गेलो, सफरचंदं घेऊन. हेतू एवढाच की त्यांची काही इच्छा राहिली असेल तर पुरी करून विषय मिटवावा. मास्तरीणबाईंना आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, इच्छा कसली, साहेब. शेवटी शेवटी घरातही मोजे घालायचे. म्हणायचे, माझ्या हाताला दोष आलाय, लागेल त्याचं वाटोळं होतं. नात झाली तेव्हा तिला मोजे घालूनच घेतलं. शेवटपर्यंत उघड्या हातानं घेतलं नाही.

नात तिथेच सतरंजीवर उताणी पडून पाय झाडत होती. मी पाणी पिऊन उठलो. अतृप्त आत्मा, शंकाच नको.

१४ फेब्रुवारी
मास्तरांना मनातल्या मनात चार शब्द सुनावले आणि धीर करून चौथं पॅनल लावलं. स्वतः थोपटलं. पंजा.

बाई कागद कापायची पट्टी खाली ठेवून उठल्या. अकरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच कामाला लावलं. "साहेब, त्याच्यावर तुमचा हात ठेवून बघा."

मी म्हणालो, असल्या खेळांना वेळ नाही. फोन आल्यासारखं करून बाहेर गेलो. फोन घरी विसरला होता.

१५ फेब्रुवारी
रविवार. दुकानात एकटाच. सकाळचे अकरा.

ठेवला.

तळवा बसला. अंगठा बसला. करंगळी, शटरमध्ये सापडून लहानपणी वाकडी झालेली माझी करंगळी, तीही तिच्या जागेवर जाऊन बसली. हाताचा वास घेऊन पाहिला. मलम.

खुर्चीवर बसलो. मास्तर येतात म्हणून आठवडाभर घाबरत होतो. आता खोलीत कोणीच नाही हे कळलं, आणि तेव्हा खरी भीती वाटली.

काळ्या कामाचे डाग आठवले. तेव्हाही रोल मीच थोपटायचो. खांदा तेव्हापासूनच आखडलेला आहे, मलमही तेव्हापासूनचंच.

१६ फेब्रुवारी
बाईंना सांगितलं की मटेरियलच्या समस्येचं मूळ मी शोधून काढलं. त्या म्हणाल्या, अभिनंदन. मग मशीनपासून चार हातांवर जमिनीला पिवळी टेप लावली आणि म्हणाल्या, याच्या अलीकडे कंपनीचे मालक, पलीकडे काम.

हे त्यांना आधीपासून माहीत होतं का, असं विचारलं. म्हणाल्या, गेल्या वर्षी दोनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, डिझाइनरनं डिझाइन करावं.

मला आठवत नाही. म्हणजे म्हणालो असणार.

१९ फेब्रुवारी
बारा पॅनल लागली. मी टेपच्या अलीकडे उभा राहून एकाही पॅनलला मदत केली नाही, त्यामुळे सगळी उत्तम आली. कॉरिडॉरमध्ये एक मुलगा सलाइनचा स्टँड ढकलत आला आणि त्यानं सरळ निळ्यावर हात टेकवला. मी ओरडणार होतो. छापून झाल्यावर काही होत नाही.

दुकान तरलं. रात्री आनंद होईल असं धरून चाललोय.

२० फेब्रुवारी
सकाळी मास्तरांच्या घरी. वाटेत भाषण तयार केलं होतं. मटेरियलचा पृष्ठभाग, तेलकट अंश, शाईचं धरणं, त्या काळी उपलब्ध असलेली अपुरी माहिती, खांदा. चांगलं सात मिनिटांचं होतं.

मास्तरीणबाईंनी दार उघडलं. कडेवर नात. दारातच म्हणालो, "मास्तरांच्या हातात काही दोष नव्हता. ते डाग माझ्या हाताचे होते."

त्यांनी नातीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मग विचारलं, "हे त्यांना कळलं होतं का?"

सबबींना जागा होती. मास्तरीणबाईंनी वेळही दिला.

नाही, म्हणालो.