गुडघे टेकून घ्यायचं माप

पूज्य थोरल्या ताई, मानांग ग्लिसेरिया,

तुझा उजवा हात इथूनच माझ्या कपाळाला लावतो. (हाँगकाँगपर्यंत कपाळ पोचत नाही, भावना पोचली असं समज.) तुझी कंबर कशी आहे? तू काम करतेस त्या मॅडमचा कुत्रा अजून तुझ्याच पलंगावर झोपतो का? इकडे सगळं ठीक. आपल्या आईचे, नानायचे गुडघे उन्हात दुखतात आणि पावसात जास्त दुखतात, माझी रियालिन दहावीत गेली आणि माझी जीपनी पहिल्या गिअरला कण्हते, तरी प्रवासी चढतातच. आता तू विचारलं आहेस की इलोइलोच्या रस्त्यावर लोक तुझ्या भावाला 'पाद्रे' म्हणून का हाक मारतात. ही बातमी तुझ्यापर्यंत कोणी पोचवली ते मला ठाऊक आहे (आपली चुलतबहीण, दुसरं कोण?), पण तिला अर्धीच माहिती असते आणि नेमकी तीच अर्धी ती सांगत फिरते. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

गेल्या वर्षी रियालिनला डेंग्यू झाला, तेव्हा आपल्या नानायनं कार्मेलच्या माउलीला नवस बोलला, एवढं तुला माहीत आहे. पोर वाचली. पण नवस नेमका काय, हे नानायनं गुलदस्त्यात ठेवलं होतं. शाळा सुरू व्हायच्या सकाळी तिनं पेटीतून एक तपकिरी झगा काढला. मानेपासून पार जमिनीपर्यंत, लांब बाह्यांचा, कमरेला दोरी. वर्षभर हाच घालायचा, आपण माउलीला शब्द दिलाय, असं तिनं नातीला सांगितलं. रियालिन त्यात अक्षरशः हरवली. बाह्या दुमडल्या तरी हात दिसेनात. एवढा ढगळा का म्हणून मी विचारलं, तर नानाय म्हणाली, वाढत्या अंगाचा शिवलाय. (पोर वाढेल हे खरं, पण माझ्याएवढे खांदे तिला कुठून येणार?) मला वाटलं होतं, रियालिन घर डोक्यावर घेईल. ती गपचूप दोरी बांधत बसली. मी बाजूला नेऊन विचारलं, तर म्हणाली, "ताताय, नाही घातला आणि ताप परत आला तर?" तिची आई, एस्तेर, तापानंच गेली. तेव्हापासून आमच्या घरात थर्मामीटर देवघरातच असतो, आणि कुणी नुसतं शिंकलं तरी तिघंही त्याच्याकडे बघतात. मी तिच्या बाह्या आणखी एकदा दुमडल्या.

आता शाळा. सिस्टर लोकांची ती शाळा तुझ्या वेळी होती तिथंच आहे, फक्त नियमांना बाळसं आलंय. नव्या मुख्याध्यापिका सिस्टर एमिलियाना दर सोमवारी मुलींना व्हरांड्यात ओळीनं गुडघ्यांवर बसवतात. स्कर्टची कड फरशीला टेकली तर पास, नाही टेकली तर घरी चिठ्ठी. तो पहिला दिवसही सोमवारच होता; नानाय नातीचा डबा (भात आणि सुकी मासळी, वासासकट) घेऊन मागून गेली. बघते तर सगळा वर्ग गुडघ्यांवर! या काळात एवढी भक्ती बघून तिला भरून आलं. तिनंही ओळीच्या टोकाला गुडघे टेकले आणि मोठ्यानं रोझरी सुरू केली. सवयीनं अर्ध्या मुलींनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. हातात फूटपट्टी घेतलेल्या सिस्टरना 'नमो मारिया' मध्येच तोडता येईना, उभंही राहवेना, शेवटी त्यांनीही गुडघे टेकले. गणिताचा तास माउलीच्या चरणी गेला. रियालिनच्या वर्गात त्यानंतर नानायची लोकप्रियता फार वाढली आहे.

सिस्टरांनी मात्र तासानंतर रियालिनला बाजूला घेतलं. पुढच्या सोमवारपर्यंत गणवेश, नाहीतर घरी. झग्याची कड फरशीला टेकते की, एवढंच काय, फरशी पुसते, असं मी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रश्न लांबीचा नाही. शालीनता म्हणजे चार जणींत उठून न दिसणं. श्रीमंताची पोर आणि कोळ्याची पोर शेजारी बसल्या तर ओळखू येऊ नयेत, म्हणून गणवेश. ही पोर अशी आली की सगळी शाळा तिच्याकडेच बघते. मानांग, मी चाटच पडलो. म्हणजे अंग जास्त झाकणं हीसुद्धा मिरवणूक होऊ शकते? हा विचार मला कधी शिवलाच नव्हता.

तेव्हापासून मला नादच लागला. गाडी चालवताना मी हाच विचार करत बसे (दोनदा स्टॉप चुकला). समोरच्या बॅप्टिस्ट पास्टरना विचारलं, तर म्हणाले, शालीनता मनात असते, कापडात नव्हे. हे ऐकून त्यांची बायको आतून म्हणाली, मग थोरल्या लेकीचा तुम्ही काढून घेतलेला बिनबाह्यांचा ब्लाउज तिला परत द्यायचा का? पास्टरांनी विषय हवामानावर नेला. नानायचं म्हणणं, मुली काय घालतात ते माणसं बघतात, पण नवस कोण पाळतं ते माउली बघते. मग मी शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवून नीट पाहिलं. फाटकावरचे संत सेबॅस्टियन बाणांनी भरलेले आणि कमरेवर उघडे. त्यांना स्वतःच्याच शाळेत वॉचमननं सोडलं नसतं. आतली माउली नखशिखान्त झाकलेली, पण पाय अनवाणी, आणि नियम काळ्या बुटांचा! मी हे हसण्यावारी नेत नाही. मला खरंच कळेना, देवाला आपल्या कपड्यांतलं नेमकं काय दिसतं?

सोमवार जवळ आला. रियालिन दोन्ही बाजूंनी अडकली होती. झगा उतरवावा तर ताप, न उतरवावा तर शाळा. ती रात्री उठून स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायची, हे मी पाहिलं आणि नानायला घेऊन सरळ सिस्टरांकडे गेलो. वाटलं, आता जुंपणार. पण सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "नवस मोडा असं मी कोणाला सांगणार नाही. मला फक्त त्याचे शब्द सांगा."

नानायनं डोळे मिटून सांगितलं, "माउली, हिला वाचव. माझं लेकरू वर्षभर तुझा झगा घालील."

"रियालिन तुमची कोण?"

"नात."

"आणि लेकरू?"

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी मागे वळून पाहिलं, मागे भिंत होती.

मी पुष्कळ वाद घातला. नानाय रियालिनलाही लेकरूच म्हणते, शेजारच्या कोंबड्यालाही म्हणते. पण सिस्टर म्हणाल्या, नवसात शब्दाला महत्त्व. झगा नानायनं पिशवीतून आणलाच होता; तो तिथंच माझ्या अंगावर चढवला आणि तो मला, मानांग, अगदी मापात बसला. एवढ्यावर सुटका होईल वाटलं, तर सिस्टर म्हणाल्या, शाळेच्या आवारात सगळ्यांना नियम एकच, गुडघे टेका. चॅपलच्या दारात मी गुडघे टेकले. कड फरशीला टेकली. सिस्टर 'पास' म्हणून निघूनही गेल्या. मी उठलो नाही. एस्तेरच्या शवपेटीपाशी टेकले होते, त्यानंतर मी कुठेच गुडघे टेकले नव्हते. माउलीवर मी रुसलो होतो, आणि रुसवा कसा सोडायचा ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी पुष्कळ रडलो. हे तुलाच सांगतोय, चुलतबहिणीला नको.

आता रियालिन गणवेशात शाळेत जाते, थर्मामीटर देवघरात पडून आहे आणि मी झग्यात जीपनी चालवतो. प्रवासी सुटे पैसे देताना माझ्या हाताला कपाळ लावतात. मागच्या सीटवरच्या एका म्हातारीनं काल मला तिची सगळी पापं सांगितली, तिचा स्टॉप येईपर्यंत. बाचोयवाला मला शेवयांच्या सुपात मांस घालू का म्हणून विचारतो, आणि माझा संकोच बघून जास्तच घालतो. तब्येतीला जप, आणि कुत्र्याला पलंगावरून उतरव.

तुझा,
तोतो

ता. क. खरं म्हणजे हे पत्र एका विनंतीसाठी लिहिलं. मानांग, नीट विचार कर, नानायचं लेकरू तूही आहेस. उलट थोरलं आहेस. वर्षाचे दोन भाग सहज पडतात. तू रविवारी लाल ओठ आणि लाल ड्रेस घालून मैत्रिणींत बसतेस ते फोटो मी पाहतो, पण तपकिरी तुला शोभेल. तू हो म्हटलंस की झगा लगेच पाठवतो.

पुन्हा ता. क. रियालिननं हे पत्र नानायला वाचून दाखवलं. वरची विनंती ऐकून नानाय म्हणाली, "तिला कशाला पाठवतोस? माप मी तुझ्या सदऱ्यावरून घेतलं होतं. पोरीचा ताप उतरणारच होता. नवस मी तुझ्यासाठी, तुझा रुसवा जावा म्हणून बोलले होते. तुला सांगितलं असतं तर तू हसला असतास, पोरीसाठी मात्र तू कुठेही जातोस." एवढं बोलून ती मासळी उलटायला गेली. तेव्हा विनंती रद्द समज. फक्त तिकडचं ते हिरवं मलम पाठव, गुडघ्यांचं. मोठी बाटली पाठव, आता आम्ही दोघं लावतो.