आईची लक्ष्मी आणि रोमचा राजा

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला अजून तुझा राग येतो, आणि तोही एका नाण्यापायी. काळ्या दोऱ्यात ओवून तू गळ्यात घालायचीस ते चांदीचं नाणं. शिरूरच्या सोनाराकडून त्याला कडी जोडून घेतलीस, ती नेमकी अक्षरांवर. वर प्रत्येक सणाला चिंच लावून घासायचीस. न्हावऱ्याच्या घरात तू चुलीपुढं बसली आहेस, नाणं घासते आहेस, आणि नुकतीच इतिहासाची शिक्षिका झालेली मी समोर हात पसरून उभी आहे. "आई, ही लक्ष्मी नाही गं. मागच्या बाजूला परदेशातला कुणी राजा आहे. एकदा दे, पुण्याला दाखवून आणते." तू मान वर करत नाहीस. "लक्षुमीच हाय ती. बसलीया, हातात कमळ हाय. देवीला काय नाव-गाव इचारत हिंडतीस?" आणि पुन्हा घसाघसा. माझ्या डोळ्यांदेखत राजाचं नाक झिजत होतं, आई!

तुझ्यामागं नाणं धाकट्या भावाच्या देवघरात गेलं. यंदा त्यानं नवं घर बांधलं आणि जुनी चांदी, त्यात हे नाणंही, मोडीत घालून आपल्या नातीला पैंजण करायचं काढलं. कळल्याबरोबर मी दौंडहून न्हावरं गाठलं. "आधी ओळख तर पटू दे," म्हणून नाणं मागून घेतलं आणि पुण्यात जुनी नाणी ओळखणाऱ्या एका गृहस्थांकडं नेलं. ते भिंगाखाली धरून बराच वेळ बघत राहिले, मग वैतागून म्हणाले, "कडीसकट वजन करून काय कळणार? आणि हे एवढं घासलं कुणी?" तुझ्या वतीनं मीच मान खाली घातली. शेवटी एका कडेला 'मॅक्सिम' एवढी रोमन अक्षरं लागली. राजाच्या डोक्यावर पानांचा मुकुट, नाण्याच्या दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, तिच्या हातात फांदी. फांदी, आई, कमळ नव्हे! एवढ्यावरून त्यांनी ओळखलं: रोमचा सम्राट टायबेरियस, दोन हजार वर्षांपूर्वीचा. आणि ती बाई? "कुणी शांतीची देवता म्हणतात, कुणी राजाची आई," ते म्हणाले.

मी हवेतच न्हावऱ्याला आले. धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. "असंल राजा. आपल्याला त्याचं काय करायचं, ताई? सोनार उद्या येतोय."

"अरे, आई याला देवी मानायची."

"आन् तूच म्हणायचीस ना, लक्षुमी न्हाई म्हणून? तुझं शिक्षण बघून मी तुझंच खरं धरलं. देवी असती तर मोडीत घातली असती का मी?"

जन्मभर तुझ्याशी घातलेला वाद मी जिंकला होता, आणि तो असा. मी रोमहून समुद्रानं आलेली जहाजं सांगितली, व्यापार सांगितला. त्याची जांभई काही थांबेना. तेव्हा मी म्हणाले, "त्या गृहस्थांनी नीट बघितलंय. लक्ष्मीच आहे ती."

तो ताडकन उभा राहिला. नाणं कपाळाला लावलं. "म्हंजी आईचं खरं व्हतं?"

"व्हय," मी म्हणाले. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

हे तुला कळलं असतं तर तू गावभर सांगत सुटली असतीस. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचत नाही, याचं आज पहिल्यांदाच बरं वाटतंय.