मोनाची वेणी

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची सणसरला! बारामती एमआयडीसीत दोन वर्षं दुधाच्या पिशव्या भरून जीव विटला होता. इथं मनिषाताईंच्या शेडमध्ये चाळीस टाक्या आहेत. माशांच्या काचपेट्यांत लावतात त्या पाणवनस्पती त्यांत वाढवायच्या. काम आवडलं. दांडा पेराखाली कापायचा, शेंडा चिमट्यानं नव्या वाळूत खोचायचा. बुडखा जागीच ठेवायचा, त्याला दोन फुटवे येतात. तोडलेल्या उसाच्या खोडव्यासारखंच, पण आठवड्यात वीतभर! ताईंना मूलबाळ नाही. जिचा हात चांगला तिच्याकडेच पुढं शेड सोपवायची म्हणतात. म्हटलं, वृषाली, लाग कामाला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

इथं कामाला आणखी एक मुलगी आहे, मोना. माझ्याच वयाची, वेणी कमरेपर्यंत. माझे शेंडे सुटून पाण्यावर तरंगतात, तिचे दोन दिवसांत रुजतात. ताई तिला ‘माझी लेक’ म्हणतात आणि मला ‘ए पोरी’. जेवताना तूपही तिच्याच भाकरीवर जास्त. नुसता जळफळाट होतो, खोटं कशाला लिहू?

बुधवार, १२ नोव्हेंबर

मोना जेवायला गेली तेव्हा तिची टाकी मी पार तळापासून छाटली. शेंडे उकिरड्यावर फेकले. आता ऐकेल ताईंची बोलणी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

एकेका बुडख्याला दोन दोन फुटवे. टाकी गच्च भरली. ताईंनी मोनाची पाठ थोपटली. “हिच्या हाताला गुण हाय,” असं मला ऐकवलं. अंगाची आग झाली. मोना टाकीवर वाकली होती, वेणी पाण्याला टेकलेली. माझ्या हातात कात्री होती. वेणीचा वीतभर तुकडा पाण्यात पडला. मोना ओरडली नाही. वळून हसली फक्त.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मोना आज दोन वेण्या घालून आली. दोन्ही कमरेपर्यंत.

गुरुवार, २० नोव्हेंबर

तो तुकडा टाकीत उभा आहे. त्याला पांढऱ्या मुळ्या फुटल्यात. उपटायला गेले तर ताईंनी हात धरला. रुजतंय तर रुजू दे, म्हणाल्या.

शनिवार, २२ नोव्हेंबर

टाकीतल्या वेणीखाली कपाळ आहे. मी नीट पाहिलं. कपाळ, आणि भुवया, आणि —

सोमवार, २४ नोव्हेंबर

दोन मोना. एक अजून ओली. दोघी कापतात, दोघी लावतात. ताई दोघींना लेक म्हणतात. मला जेवायलाही हाक नाही. पळायला हवं. घरी, कऱ्हाटीला — पण मी गेले की शेड, ताई, सगळं त्या दोघींचं. नाही. नाही जाणार.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दुपार. ताई माझ्या खोलीत आल्यात. मागे त्या दोघी, कात्री घेऊन. ताईंनी माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, “तू खुंटलीस गं. जरा छाटाया पायजे तुला. भिऊ नगंस, लेकी.”

लेकी म्हणाल्या. मला.

दार उघडं आहे. त्या थांबल्यात, मी लिहितेय तोवर. ताईंचा हात डोक्यावर आहे. मी मान पुढं केली. कात्री गार —