पाचव्या महिन्यातलं ग्रहण

२५ ऑक्टो. २०२२, मंगळवार. वडवणी
काल लक्ष्मीपूजन, आज ग्रहण. सासूबाईंनी दुपारीच बजावलं, "पाचवा महिना हाय. विळीला हात लावायचा न्हाई, उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा न्हाई." मी मान हलवली. पाचला सतीशच बोलवायला आले. "चल गच्चीवर. सायन्सची मास्तरीण असून आत बसतीस व्हय? ढग न्हाईत, लई भारी दिसतंय."
शाळेसाठी आणलेला ग्रहणाचा चष्मा एकच. आळीपाळीनं पाहिलं. भाकरीचा चतकोर मोडून घ्यावा तसा सूर्य. तसाच मावळला. आम्ही दोघं येड्यासारखे हसत होतो.
खाली आलो तर सासूबाई तोंड फिरवून आत गेल्या. आंघोळीचं पाणी मात्र तापवून ठेवलेलं.

११ मार्च २०२३
पहाटे मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. नर्सनं बराच वेळ दाखवलंच नाही.
सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "गिराण लागलं पोरीला." मग माझ्याकडं बघून, "कावून गेलतीस गं वर?"
सतीश तिथंच उभे. खिडकीबाहेर बघत.

१२ मार्च
डॉक्टरबाईंना विचारलं. ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो म्हणाल्या, नाही जुळला तर असा राहतो. म्हणजे मी गच्चीवर गेले त्याच्या कितीतरी आधीच. दिवसभर बोटांवर महिने मोजले. दर वेळी तेच.
सतीशना म्हटलं, आईंना सांगा. "सांगतो."

२३ मार्च
काल पाडवा, आज बारसं. नाव रेवा. पाळण्यात तिचं टोपरं कुणीतरी तोंडावर ओढलं. मी वर केलं. परत ओढलं.
गेवराईच्या आत्याबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "कसं झालं रं सतीश असं?"
"मी नको म्हणत होतो आत्या. शिकलेली बाई. ऐकतीय कुठं."
मी समोरच बसलेली. मांडीवर रेवा.
खोलीत आल्यावर विचारलं, "तुमीच बोलवायला आलता ना?"
"आता कशाला उकरून काढतीस? एकाच्या डोक्यावर जाऊन मिटतंय तर मिटू दे."
एकाच्या. म्हणजे माझ्या.
आजपासून या वहीत त्याला अहो-जाहो बंद.

३ मे
वाटी-चमच्यानं दूध. निम्मं फाटक्या ओठातून बाहेर येतं. सासूबाई पाजतात, माझ्यापेक्षा बरं पाजतात, आणि पाजता पाजता पोरीला सांगतात, "तुज्या मायनं केलं बाई हे." रागावून नाही. अंगाई म्हणावी तसं. रागावल्या असत्या तर भांडता आलं असतं.

१९ जुलै
अंबाजोगाई. ऑपरेशन झालं. ओठ शिवला. सतीश व्हरांड्यात रडत होता. जाऊन पाठीवर हात ठेवावा, एवढंच करायचं होतं. नाही गेले.

३० जुलै
टाक्यांची रेघ लाल आहे, हळूहळू जाईल म्हणतात. रेवा हसली. सुंदर दिसते. पण ते आधीचं रुंद, फाटकं हसू गेलं. मला ते आवडायचं, हे कुणाला सांगू?

सप्टें., तारीख बघितली नाही
शाळेत एका मुलीची आई. "म्याडम, गिराण पाहिलेल्या त्या तुमीच का?" हो म्हणाले. पुढं सगळं समजावणार होते. तिनं मुलीला हाताला धरून नेलंसुद्धा.

२८ ऑक्टो., शनिवार
कोजागरी. आज रात्री चंद्रग्रहण. नणंद जयश्री माहेरी आलीय, सातवा महिना. संध्याकाळी ओट्यावर मेथी निवडताना हळूच म्हणाली, "वैनी, तुमी शिकवता. खरं सांगा, खिडकीतून जरा पाहिलं तर काय होतंय?"
सतीश समोर पेपर वाचत होता. पेपर खाली आला.
सगळं पाठ आहे मला. सावली कशी पडते, ओठ कधी जुळतो, सगळं. तोंड उघडलं आणि निघालं, "झोपून राहा तू. कशाला उगं."
पेपर परत वर गेला.
जयश्रीचा हात थांबला. "म्हंजे तुमचं तसंच झालतं?"
आत रेवा रडली. मी उठले. तिला घेऊन इथं बसलेय, ती कधीच गप्प झालीय. जयश्री अजून ओट्यावरच आहे.