बांद्याला नेलेली डिस्क

टीचर, तुमचा, माझा आणि तोंडवलीच्या किनाऱ्यावर होडी ओढून ठेवणाऱ्या प्रत्येक घराचा राग एकच होता. जिथे आपल्या आज्या-पणज्यांनी जाळी सुकवली तिथे आपण होतो, हे आपणच कागदावर सिद्ध करायचं. आणि ज्याने कालपरवा कुंपणाचे खांब आणून टाकले, त्याला कुणी काही विचारायचं नाही. हे मी किती सभांमध्ये ओरडून सांगितलं असेल. तुम्ही शेवटच्या रांगेत बसून ऐकायचात आणि परत जाताना म्हणायचात, "बरा बोललंस रे. पण तुज्या तोंडाचो स्विच खंय आसा, तो माका अजून गावाक नाय."

मालवणातल्या तुमच्या खोलीत मी टायपिंग शिकायला आलो आणि निवेदनं टाइप करून घ्यायला राहिलो. तुमच्या गोव्यातल्या भावाने कॉम्प्युटर पाठवला, तेव्हा तुम्ही तो समुद्राकडच्या खिडकीखाली मांडलात, कारण उजेड तिथेच होता. शेजारीण दारातून विचारते आहे, "टीचर, ह्या टीव्हीर पिक्चर कधी लागतलो?" आणि तुम्ही मान वर न करता सांगता, "आदी तुज्या सासऱ्याचो जबाब लागतलो, मगे पिक्चर." दोन वर्षं तुम्ही छत्री घेऊन तोंडवलीत फिरलात. कुणाची होडी, कधीपासून, कुठल्या उंडलीच्या झाडाखाली, साक्षीला कोण, हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून लिहून घेतलंत आणि सगळं त्या मशीनमध्ये घातलंत. वह्यांना वाळवी लागली. नक्कल ठेवलेल्या फ्लॉपींवर पावसाळ्यात बुरशीचे पांढरे ठिपके आले. जबाब देणारी बरीच माणसं तोवर वारली होती. ती आता फक्त त्या मशीनच्या डिस्कमध्ये बोलत होती.

आणि जागेच्या सुनावणीच्या आठवड्यात कॉम्प्युटर सुरूच होईना. बांद्याचा मेकॅनिक तुमच्यासाठी नवं मशीन जोडत होता. त्याने फोनवर सांगितलं, जुन्यातली डिस्क काढून नव्यात बसवू, सगळं होतं तसं चालेल; पण डिस्क एकटी आणू नका, तिची केबल ज्यात जाते ते कार्डही सोडवून आणा. तुम्ही मला हे दोनदा सांगितलंत. मी हो हो म्हणत होतो आणि डोक्यात सुनावणीचं भाषण रचत होतो. चार स्क्रू काढले, डिस्क तुमच्या टॉवेलात गुंडाळली, मांडीवर घेतली आणि एसटीने बांद्याला गेलो. कार्ड जुन्या मशीनच्या डब्यातच राहिलं.

"कार्ड खंय आसा?" मेकॅनिकने पहिलं हेच विचारलं. तरी नव्या कार्डाला डिस्क जोडून बघितली. वाचली नाही. "सांगलंय ना, ह्या कार्डाक ती वाचूक येवची नाय. उद्या घेवन ये." उद्या सुनावणी होती, टीचर. तो म्हणाला, "मी जेवन येतंय. हात लावू नको हां."

मी हात लावला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, एवढंच. आत त्याची फ्लॉपी होती, डिस्क पुसून कोऱ्या करायची. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि शेवटी प्रश्न: पुढे जायचं? हो की नाही? ज्याला रशियन क्रांतीवर तास तास बोलता येतं, त्या माणसाने ती ओळ पूर्ण वाचली नाही. पुढे जायचंच होतं. मी हो दाबलं. लाल दिवा लागला, डिस्क करकरू लागली, आणि मला वाटलं, जिवंत झाली. रिकाम्या दुकानात मी मोठ्याने म्हणालो, "टीचर, झालं!"

मेकॅनिक हात पुसत आला, पडद्याकडे बघितलं आणि मटकन स्टुलावर बसला. "भावा, ही कोरी झाली." मग म्हणाला, "टीचरीक काय सांगतलंस?"

तुम्हाला मी सांगितलं, खाऱ्या वाऱ्याने डिस्क आधीच गेली होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत. खिडकीकडे बघितलंत.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण केलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान. पुरावा?" जागा गेली. कुंपण आजही आहे. मी सरकारला शिव्या घालत गावोगाव सभा घेतल्या, आणि त्याच दिवसांत तुम्ही पुन्हा छत्री घेऊन तोंडवलीत घरोघर गेलात. "माजी चूक. मशीन खिडकेत ठेवलंय मी." एक म्हातारी म्हणाली, "वाऱ्याक कोण आडवतलो गो?" तिथे तुम्ही रडलात. मी अंगणात उभा होतो. तोंड उघडायला तेवढी एकच वेळ होती, आणि नेमका त्याच वेळी मला तोंड बंद करायचा तो स्विच सापडला.

मग तुम्ही खिडकीला खिळे मारून घेतलेत. अकरा वर्षं भर दुपारी दिवा लावून मुलांना टायपिंग शिकवलंत, आणि गेलात.

आज तुमच्या भाचीने खोली आवरायला किल्ली दिली. त्याच टेबलाशी, त्याच दिव्याखाली बसून लिहितो आहे. हे पाठवायचं कुठे? तरी आणखी एक सांगायचं राहिलंय. सुनावणीहून आल्यावर, तुमच्या नजरेला पडू नये म्हणून, जुन्या डब्यातलं ते कार्ड मी काढून नेलं. ते अजून माझ्या कपाटात आहे, तुमच्या टॉवेलात.

मघाशी खिळ्याला पक्कड लावली होती. जोर होईना. ही खिडकी मी कुठल्या तोंडाने उघडू? वाऱ्याने काहीच केलं नव्हतं, टीचर. तुम्ही उघडा.