मोठ्या काकांची बशी

शेवगाव, रविवार संध्याकाळ

बारावीनंतर थेट सीएच करायचं, असं पोरीने ठरवलंय. मी आपला घाबरून, आधी साधं बी.कॉम. कर म्हणणारा. आज तिसगावहून दादा, माझे थोरले भाऊ, तिथल्या पतसंस्थेचे चेअरमन, तिची समजूत काढायला आले. बशीत चहा ओतत म्हणाले, "लई अवघड असतंय ते, बाई. नर्सिंग कर."

ती शांतपणे म्हणाली, "मोठे काका, सीए झाले तरी तुमच्या संस्थेचं ऑडिट मी करणार नाही. नात्यातलं काम घ्यायचं नसतं. तुम्ही निवांत चहा प्या."

बशी तोंडापाशी थांबली ती थांबलीच.

इतकी वर्षं पेपरात टोमणे लिहितोय, पण दादांची बशी कधी थांबवता आली नाही. कुठून शिकली ही? माझ्याकडून तर नक्कीच नाही.

बी.कॉम.चा विषय मीच बंद केला. उगाच उद्या माझी बशी थांबायची.